नळीवरचा ठसा: दुरुस्त केलेल्या बंदुकीची हमी कोण देतं?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत. ही बंदूक मध्येच कुठून आली?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यात एकदाही बंदूक झाडलेली नाही. तेव्हा ती कुठून आली ते आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी कोकणात राहतो. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची दुनळी रायफल आहे. परवाना रीतसर त्याच्या नावावर झालेला आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, त्यामुळे बंदूक कपाटात असते आणि वर्षातून एकदा तिला तेल लागतं. या वेळी पुसताना त्याच्या लक्षात आलं की नळीच्या खालची, खांद्याचा पट्टा अडकवायची कडी निखळली आहे आणि तिच्याजवळची पट्टीही थोडी उचलली गेली आहे. गावात खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवणारा एक वेल्डर आहे. तो म्हणाला, "आणा, दहा मिनिटांचं काम आहे."

विद्यार्थ्याने मला फोन केला. त्याचा युक्तिवाद असा होता: "सर, गोळी नळीच्या आतून जाते. कडी बाहेरून आहे. बाहेरच्या कडीला वेल्डिंग केलं, तर आत काय बिघडणार?" युक्तिवाद म्हणून ऐकायला बरा वाटतो. मी त्याला एवढंच म्हटलं, "थांब. घाई करू नकोस. नळीवर काही खुणा असतील तर त्यांचे फोटो पाठव." फोटो आले. लाकूड काढल्यावर नळीच्या मागच्या बाजूला बारीक ठसे दिसत होते: एक मुकुट, त्याखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड. मला वाटलं, कारखान्याचं बोधचिन्ह असेल. ते तसं नव्हतं. ती बर्मिंगहॅमची खूण होती आणि तिच्यामागे मोठा इतिहास होता. आज तोच सांगायचा आहे. कडीचं उत्तर त्यातच सापडतं.

आधी वस्तू समजून घेऊ. दुनळी बंदूक म्हणजे दोन पाइप शेजारी बांधले, असं नसतं. दोन्ही नळ्या मागच्या टोकाला पितळेच्या डाखाने जोडतात. पुढे लांबीभर, वर एक आणि खाली एक, अशा दोन पट्ट्या बसवतात. त्या शिसं आणि कथील यांच्या मऊ डाखाने, म्हणजे ज्याला आपण सोल्डर म्हणतो त्याने, चिकटवलेल्या असतात. खालच्या बाजूलाच पट्ट्याची कडी असते, आणि पुढचं लाकूड धरून ठेवणारा आकडाही असतो. दुनळी रायफलीच्या नळ्या एकमेकींना अगदी समांतर नसतात. पुढच्या टोकाकडे त्या किंचित जवळ येतात, म्हणजे ठराविक अंतरावर दोन्ही गोळ्या एकाच जागी पडाव्यात. हे जुळवायला कारागीर गोळ्या झाडून पाहतो, पुढचा डाख वितळवून पाचर जराशी सरकवतो, पुन्हा झाडतो. अशा कित्येक फेऱ्या होतात. म्हणजे ती पट्टी शोभेची नाही. बंदुकीचा नेम तिच्यात बसवलेला असतो.

आता उष्णता पाहा. मऊ डाख १८० अंश सेल्सिअसच्या थोडं वर वितळतो. पितळेच्या डाखाला ९०० अंशांच्या आसपास जावं लागतं. वेल्डिंगमध्ये खुद्द पोलादच वितळतं, म्हणजे १,४०० च्याही वर. गेटच्या जाळीला त्याने काही होत नाही. नळीला होतं. वेल्डिंगच्या जागेभोवतीचा डाख वाहून जातो, पट्टी सुटते. आणि जिथे धातू एवढा तापून झटकन थंड झाला, तिथे त्याची अंतर्गत रचना बदलते: कुठे तो ठिसूळ होतो, कुठे नरम पडतो. वरून घासूनपुसून काळा रंग दिला की काही दिसत नाही. बाहेरच्या कडीचा आतल्या गोळीशी संबंध असा येतो. गोळी जाताना दाब सोसायचा असतो तो त्याच पोलादाने.

आणखी एक बारीक गोष्ट, आपल्या ओळखीची. लहानपणी कल्हईवाला दारात यायचा, आठवतं ना? भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कथील झरझर पसरायचं. नवसागर धातू स्वच्छ करतो. पण दुनळीच्या पट्ट्या बसवणारे कारागीर परंपरेने राळ वापरत आले. कारण नवसागरासारखा क्षार पट्टीखाली अडकून राहिला तर आतल्या आत गंज धरतो, आणि पट्टीखालची नळी उघडल्याशिवाय कुणाला दिसत नाही. तसंच पुढच्या काळात पोलाद झटपट काळं करायला गरम कॉस्टिकच्या टाक्या आल्या. एकेरी नळीला त्या चालतात, पण डाखाने जोडलेल्या दुनळीला चालत नाहीत, कारण कॉस्टिक तो डाखच खातं. चांगला कारागीर नळ्या मोकळ्या टांगून बोटाने टिचकी मारतो. जोड पक्का असेल तर घंटेसारखा नाद येतो, सुटला असेल तर बद्द आवाज येतो. बाजारात मडकं घेताना आपण हेच करतो.

पण मडकं फुटलं तर पाणी सांडतं. नळी फुटली तर धरणाऱ्याचा हात जातो, कधी डोळे, कधी जीव. म्हणून टिचकीवर भागेना. "ही नळी टिकेल" हे कोणी सांगायचं आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न युरोपात चारशे वर्षांपूर्वी उभा राहिला.

लंडनमध्ये बंदुका बनवणाऱ्यांच्या मंडळाला राजा पहिला चार्ल्स याने १६३७ मध्ये सनद दिली. शहरात आणि भोवतालच्या दहा मैलांत बनणाऱ्या नळ्यांची पारख करण्याचा अधिकार त्या मंडळाला मिळाला. पारख म्हणजे, नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून नळी मुद्दाम झाडायची. फुटली तर तिथेच फुटेल, गिऱ्हाइकाच्या हातात नाही. टिकली तर तिच्यावर ठसा. इंग्रजीत याला प्रूफ म्हणतात. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांना प्रूफ म्हटलं की छापखान्याची प्रुफं आठवतात, पण हे प्रूफ आगीतलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, त्यातला प्रकार. बेल्जियममधलं लिएज हेही बंदुकांचं मोठं केंद्र होतं. तिथे १६७२ मध्ये अशी पारख सुरू झाली.

लंडनच्या त्या मंडळाचे दोन ठसे मला फार आवडतात. एका ठशात मुकुटाखाली 'व्ही' हे अक्षर. ते व्ह्यू या शब्दाचं, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्यात मुकुटाखाली 'जीपी', म्हणजे बंदूकवाल्यांच्या मंडळाने पारखलं. पाहणं वेगळं आणि पारखणं वेगळं, हे त्या लोकांनी पोलादावर कोरून ठेवलं. आमच्या वर्गात हा फरक समजावायला मला दोन तास लागायचे.

आता बर्मिंगहॅम. अठराव्या शतकात हे गाव बंदुकांची पेठ झालं होतं. पण लंडनच्या सनदेचा अधिकार दहा मैलांपुरता, त्यामुळे इथे सक्तीची पारख नव्हती. काही कारखानदार स्वतःच्या खर्चाने नळ्या पारखून घेत, काही घेत नसत. याच पेठेतून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे स्वस्त बंदुका मोठ्या प्रमाणावर जात होत्या. गुलामांच्या व्यापारात माणसांच्या बदल्यात जो माल दिला जाई, त्यात या बंदुका असत. त्यांच्या हलक्या प्रतीबद्दल तेव्हाही बोललं जाई. विचार करा, नळी फुटली तर समुद्रापलीकडचा माणूस तक्रार घेऊन बर्मिंगहॅमला येणार होता का? ज्याच्या हातात वस्तू फुटणार तो दूर असला, दुबळा असला, की बनवणाऱ्याच्या मनातला धाक कमी होतो. पारखीची गरज नेमकी इथे असते.

पुढे नेपोलियनशी लढाया चालू असताना ब्रिटिश सरकारसाठी बर्मिंगहॅमने सुमारे १७ लाख बंदुका पुरवल्या. गावाचं नाव टिकवायचं असेल तर पारख हवी, हे तिथल्याच बंदूकवाल्यांना पटलं. त्यांनी मागणी केली, खर्चाची तयारी दाखवली, आणि १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस स्थापन झालं. ते आजही चालू आहे. तिथली जुनी पद्धत अशी: नळ्या एका ओळीत मांडायच्या, दारू ठासायची, मागून दारूची एक लांब रेघ ओढायची, दारं बंद करून तिला बत्ती द्यायची. सगळ्या नळ्या एकदम वाळूच्या ढिगाऱ्यात झडत. मग टिकलेल्या नळ्या काही वेळ तशाच ठेवत. सूक्ष्म चीर असली तर दारूचा क्षार तिथून डोकावतो. त्यानंतर ठसा.

सुरुवातीला नळी कच्ची असताना एकदा, आणि सगळी बंदूक जुळल्यावर पुन्हा एकदा, अशी दोनदा पारख होऊ लागली. यातलं मर्म लक्षात घ्या. कच्च्या नळीची पारख पक्क्या बंदुकीला पुरत नाही, कारण मधल्या काळात नळी घासली गेली, तिला डाख दिला गेला, ती तापवली गेली. वस्तू बदलली. १८६८ च्या ब्रिटिश कायद्याने हे सूत्र पुढे नेलं. पारख झालेली नळी नंतर कुणी पातळ केली, तिची ताकद कमी होईल असा बदल केला, तर ती न पारखलेली समजायची. पुन्हा पारख झाल्याशिवाय विकली तर गुन्हा. ठसा नळीवर दिसतोय, पण कायद्याच्या दृष्टीने तो मुका झाला.

ठसा मुका होण्याची आणखी एक वाट आहे, आणि ती कुणी नळीला हात न लावताही घडते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल या रसायनज्ञाने धूर न करणारी दारू तयार केली. १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याची लबेल रायफल ती वापरू लागली, आणि काही वर्षांतच शिकारीच्या काडतुसांतही ती आली. तिचा दाब जुन्या काळ्या दारूपेक्षा फार जास्त. आता ज्या नळीची पारख काळ्या दारूने झाली होती, तिच्यावरचा ठसा खोटा नव्हता. पण तो एका वेगळ्या प्रश्नाचं उत्तर होता. म्हणून नव्या दारूसाठी वेगळी पारख आणि वेगळी खूण आली. आजही जुनी बंदूक हातात आली की जाणकार आधी हेच पाहतो: पारख कोणत्या दारूची?

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६८ चा कायदा इंग्लंडात. त्यानंतर दहाच वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या काळात हिंदुस्थानात शस्त्र कायदा आला. राज्यकर्ते तेच. तिकडच्या कायद्याची काळजी अशी की बंदूक झाडणाऱ्याला इजा होऊ नये. इकडच्या कायद्याची काळजी अशी की बंदूक कुणाच्या हातात आहे. एकाच वस्तूकडे पाहणाऱ्या दोन नजरा. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र एक बारकावा आहे. बंदूक बनवणं आणि विकणं यांच्या जोडीला ती दुरुस्त करणं, तपासणं आणि पारखणं यांनाही परवाना लागतो, असं त्याच्या पाचव्या कलमात आहे. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या गावातला वेल्डर कितीही हुशार असो, त्याने त्या नळीला हात लावणं कायद्यात बसत नाही.

पण कायदा सांगतो म्हणून ऐकायचं, एवढ्यावर तत्त्वज्ञानाच्या मास्तराचं समाधान होत नाही. हुशार कारागिराची नजर का पुरत नाही? याचं उत्तर मला अमेरिकेतल्या एका प्रकरणात मिळालं.

अमेरिकी सैन्याची १९०३ सालच्या नमुन्याची स्प्रिंगफील्ड रायफल प्रसिद्ध आहे. पुढे तिच्यापासून शिकारीच्या रायफलीही पुष्कळ बनल्या. नळी ज्या पोलादी ठोकळ्यात आट्यांनी बसवतात, तो या रायफलीचा गाभा. १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या घाईत, यातले काही ठोकळे फुटले. मोडलेले तुकडे पाहिले तर पोलाद काचेसारखं तडकलेलं. चौकशी झाली. ठोकळे तापवून घडवणारे कामगार नवखे नव्हते. वर्षानुवर्षं ते काम करणारे होते. धातू किती तापला हे ते त्याच्या रंगावरून ओळखत. आणि चूक तिथेच होती. ज्युलियन हॅचर या सैन्यातल्या अधिकाऱ्याने १९४७ च्या आपल्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. ढगाळ दिवशी जो लालभडक रंग योग्य दिसतो, तोच रंग लख्ख उन्हाच्या दिवशी दिसायला धातू ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जास्त तापलेला असू शकतो. डोळे तेच, हात तोच, अनुभव तोच. फक्त बाहेर ऊन पडलेलं. आणि आत पोलाद जळून गेलेलं.

मग तापमापक बसवले, प्रक्रिया बदलली, आणि १९१८ मध्ये सुमारे आठ लाखाव्या क्रमांकापासून स्प्रिंगफील्डचे ठोकळे सुधारले. तोवर बनलेल्यांना 'लो नंबर' हे नाव पडलं, आणि जुन्या रायफली जमवणारे आजही क्रमांक पाहून सावध होतात. या प्रकरणातल्या दोन गोष्टी मला झोप येऊ देत नाहीत. एक, फुटलेल्या रायफलीही जास्त दाबाच्या काडतुसाने पारखलेल्या होत्या. त्या दिवशी त्या टिकल्या होत्या. दोन, जळलेलं पोलाद पुन्हा तापवून सुधारता येतं का, हे करून पाहिलं गेलं आणि ते भरवशाचं ठरलं नाही. काही दुरुस्त्या होतच नाहीत. हे मान्य करणं कारागिराला फार जड जातं. आपल्यालाही जातं.

आता थोडं माझ्या घरच्या मैदानात येतो. न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं सांगितली आहेत, त्यांना प्रमाणं म्हणतात. प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेलं. अनुमान. उपमान. आणि शब्द, म्हणजे आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशी सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. नळीवरचा ठसा हे शब्दप्रमाण आहे. मी ती नळी पारखलेली नाही, पारखू शकत नाही. पण ज्याने पारखली, आणि जिच्या विक्रीत ज्याचा फायदा नाही, अशाचा तो शब्द आहे. वेल्डर वाईट माणूस नाही. पण त्याला हे काम माहीत नाही, आणि "होईल, चिंता नको" म्हणण्यात त्याचा रोजगार आहे. आप्ताच्या दोन्ही अटी तिथे मोडतात.

आणि शब्दाला मर्यादा असते. साक्षीदाराने जे पाहिलं तेवढ्याचीच तो साक्ष देतो. बर्मिंगहॅमच्या पारखणाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी एक नळी पाहिली: त्या जाडीची, त्या डाखाची, त्या दारूची. तिला आपण तापवलं, घासलं, जोडलं की ती नळी उरत नाही. साक्ष मात्र तशीच कोरलेली राहते आणि नव्या माणसाला फसवते. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे तर प्रमाणच नव्हे. स्प्रिंगफील्डचा प्रत्येक ठोकळा फुटायच्या आदल्या दिवशीपर्यंत फुटलेला नव्हता.

विद्यार्थ्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं, अर्थात थोडक्यात. त्याने रीतसर चौकशी करून परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडे ती नेली. त्या म्हाताऱ्या कारागिराने आधी ती रिकामी आहे ना हे स्वतः उघडून पाहिलं, मालकाच्या शब्दावर विसंबला नाही. मग लाकूड काढून ठसे पाहिले, नळ्या टांगून टिचकी मारली. आवाज बद्द आला. तो म्हणाला, "कडी मऊ डाखाने बसवता येईल. पण पट्टी बरीच सुटली आहे, खाली गंज किती आहे ते ती काढल्याशिवाय कळणार नाही. आणि ती काढली की नेम गेला, पारखही नव्याने करावी लागेल. तुम्हाला ही झाडायची आहे की ठेवायची आहे?"

विद्यार्थी म्हणाला, "ठेवायची आहे."

"मग कडी एका पाकिटात घालून बंदुकीसोबत ठेवा," कारागीर म्हणाला. "आणि घरच्यांना सांगून ठेवा, ही झाडायची नाही."

त्याने दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, कारण दुरुस्ती केलीच नव्हती. आप्त कोणाला म्हणावं हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. या माणसाने ते एका वाक्यात केलं. विद्यार्थ्याने त्याचं सांगणं एका कागदावर लिहून, तारीख घालून, कडीच्या पाकिटात ठेवलं आहे. उद्या त्याचा मुलगा ते कपाट उघडेल तेव्हा नळीवर जुना मुकुट आणि राजदंड दिसतील, आणि शेजारी हा कागद. त्याने कागदाचं ऐकावं, एवढीच इच्छा.

आता प्रश्न असतील तर विचारा.